मिरचीच्या दहा फेऱ्या

शाळेत मला चांगल्या वर्तणुकीचं प्रशस्तिपत्रक सलग सात वर्षं मिळालं आणि त्यातून कधी साधी पेन्सिलसुद्धा हाती लागली नाही. वाईट वागायचे मात्र रोख मिळतात. दर शनिवारी, पाकिटातून, सही घेऊन. ही नोकरी मला माझ्या मामीने लावून दिली. परवानगीच्या कागदावर सही करताना आईने विचारलं, "काम काय गं करायचंय तिला?" मामी म्हणाली, "काही नाही, दहा मिनिटं उर्मटपणा."

"तो तर हल्ली ती घरी फुकट करते," आई म्हणाली आणि सही करून टाकली.

मामी मेंदूवाली. इंजेक्शनवाली डॉक्टर नव्हे, तर माणूस पैशाचा निर्णय घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात कुठे काय पेटतं ते बघणारी. तिच्या संस्थेच्या तळमजल्यावर एक भलंमोठं पांढरं यंत्र आहे, मधोमध बोगदा असलेलं. माणसाला फळीवर आडवं करून त्या बोगद्यात सरकवतात, डोळ्यांसमोर छोटा पडदा देतात, दोन्ही हातांत एकेक बटण देतात, आणि मग खेळ सुरू.

खेळ असा. पडद्यावर दहा नाणी. पलीकडचा खेळाडू वाटणी ठरवणार: मला आठ, तुला दोन. तुम्ही फक्त घेतो किंवा नाही म्हणायचं. घेतलंत तर तशी वाटणी. नाही म्हटलंत तर दोघांनाही शून्य, खेळ खलास. नाणी पडद्यावरची असली तरी शेवटी त्यांचे खरे पैसे करून हातात ठेवतात. आता सरळ बघितलं तर दोन म्हणजे शून्यापेक्षा दोनाने जास्त, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण माणसं नाही म्हणतात! स्वतःची दोन सोडतात, का, तर त्या हावरटाची आठ बुडावीत. आणि त्या क्षणी मेंदूचा जो तुकडा पेटतो तो कुजका वास आल्यावर पेटतो तोच. इन्शुला त्याचं नाव. म्हणजे अन्याय झाला की माणसाला नुसता राग येत नाही, अक्षरशः घाण येते. मला हे कळलं तेव्हा मी आठवडाभर वर्गात सगळ्यांना सांगत सुटले होते. आणि मजा म्हणजे तीच दोन नाणी माणसाऐवजी यंत्राने देऊ केली तर बहुतेक जण गुपचूप घेतात. यंत्रावर काय रुसायचं?

या सगळ्याला पैसा पुरवत होती एक विमा कंपनी. त्यांना जाणून घ्यायचं होतं की नुकसानभरपाई कमी द्यायची असली तर ती माणसाच्या तोंडून सांगावी की यंत्राच्या, आणि माणसाच्याच तोंडून सांगायची तर ते तोंड कसं असावं. हे असं बोललेलं मामीला आवडायचं नाही. "आपण फक्त मोजतो," ती म्हणायची.

तर ते तोंड म्हणजे मी.

आम्ही दोघी होतो. गायन शिकणारी एक कॉलेजची मुलगी, आणि मी. यंत्र चालवणाऱ्या दादाने आमची नावं साखर आणि मिरची ठेवली होती. त्याला आम्ही चुंबक म्हणायचो, कारण त्या यंत्रात चुंबक असतो आणि त्याच्याकडे कुठलीही मुलगी ओढली जात नाही, हे त्याचं त्यानेच सांगितलं होतं. खेळायला येणाऱ्या माणसाला आधी आमच्याबरोबर दहा मिनिटं बसवायचे. त्याला सांगायचे की या दोघी शेजारच्या खोलीतून तुमच्याशी खेळणार आहेत, दहा फेऱ्या ही, दहा फेऱ्या ती, दहा फेऱ्या नुसतं यंत्र. त्या दहा मिनिटांत साखरेने गोड वागायचं आणि मी नको वाटेल असं. मग आम्ही दोघी उठून जायचो, आणि खेळायचा तो सगळा संगणकच. साखरेच्या फोटोखाली पाच-पाच, माझ्या फोटोखाली आठ-दोन आणि नऊ-एक. आम्ही काहीच पाठवत नव्हतो. आम्हाला ठरलेला पगार. कोणी घेतलं काय, सोडलं काय, आमच्या पाकिटात तितकेच.

उर्मटपणाचे नियम लिहून दिलेले होते. एक, उशीची खुर्ची आपण घ्यायची. दोन, शेजारच्या खुर्चीवर दप्तर ठेवायचं आणि समोरचा उभा राहिला तरी उचलायचं नाही. तीन, त्याने नाव विचारलं तर सांगायचं नाही. चार, तो बोलत असताना एकदा हसायचं. बास. माझ्याआधी दोन मुलगे मिरची होऊन गेले, त्यांनी एवढंच केलं आणि लोकांनी त्यांच्या दहापैकी सहा फेऱ्या नाकारल्या. मी आले आणि आकडा आठवर गेला.

कारण मला दिसायचं. माणूस बसल्या बसल्या कुठे बोट ठेवलं तर ओरडेल ते. एक बाई सारख्या ओढणीने हातावरचा डाग झाकत होत्या. मी फक्त त्या डागाकडे बघून माझी खुर्ची जराशी मागे सरकवली. दहापैकी नऊ! आयुष्यभर मी कोपऱ्यातल्या बाकावरची, जाड चष्म्याची, उत्तर येत असून हात वर न करणारी. सात वर्षं मी सगळ्यांकडे नुसती बघतच तर बसले होते. ते सगळं बघणं असं एकदम कामाला आलं. मागच्या सुट्टीत चष्मा जाऊन लेन्स आल्या, केस कापले, आणि शनिवारी मिरची. सोमवारी वर्गात शिरले की बाकं आपोआप सरकायची. मला वाटायचं, अरे, हे इतकं सोपं होतं?

तीन महिन्यांनी मामीला परदेशी परिषदेत एक मोठं पोस्टर लावायचं होतं, आणि मला बरोबर न्यायचं तिने कबूल केलं होतं. पोस्टरवर माझं नाव येणार होतं, तळाला, बारीक अक्षरात, पण छापील. फक्त तिला एक चित्र हवं होतं. असा एक मेंदू, ज्याने माझ्या दहाच्या दहा फेऱ्या नाकारल्या आणि जो लख्ख पेटला. नऊवाले होते. दहावाला नव्हता.

आणि एक नियम होता. येणारा माणूस ओळखीचा निघाला तर लगेच सांगायचं. मग ते सत्र रद्द, आणि चूक आपली म्हणून त्या माणसाला तिन्ही डावांची पूर्ण रक्कम, म्हणजे सगळ्या फेऱ्या घेतल्यावर मिळाले असते तेवढे. "मागे एका पोराने शेजाऱ्यालाच बसवलं आणि गप्प राहिला," चुंबक म्हणाला होता. "शेजाऱ्याला अख्खे पैसे गेले आणि पोराला नारळ."

त्या शनिवारी मी उशीच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. दार उघडलं आणि चष्मेकाका आत आले.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी होती, कपाटाएवढी. चष्मे विकायचे नाहीत, फक्त दुरुस्त करायचे. तुटलेली दांडी, पडलेला स्क्रू, नाकावरची पिचलेली चकती. आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत मी महिन्याला एक चष्मा मोडत असेन. कधी मी पडायचे, कधी मला पाडायचे. मी डोळे बारीक करून, हातात दोन तुकडे घेऊन उभी राहायचे, आणि ते विचारायचे नाहीत कसा मोडला. घरी कळू नये म्हणून संध्याकाळच्या आत करून द्यायचे. पैसे? "पुढच्या वेळी दे." पुढच्या वेळीही तेच. मग स्वस्तातले चष्मे आले, मोडला की फेका, आणि टपरी गेली. मी पाहिलंसुद्धा नाही कधी गेली ते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही झालं नाही. चेहऱ्यावर काहीच नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, यांनी माझ्या चेहऱ्यापेक्षा माझा चष्माच जास्त पाहिलाय. आणि नियम काय म्हणतो? ओळखीचा माणूस. मी त्यांना ओळखते, पण ते मला ओळखत नाहीत, म्हणजे ओळख अर्धीच झाली ना? अर्ध्या ओळखीबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. हा विचार करायला मला दोन सेकंदही लागली नाहीत, आणि मला तो फार हुशार वाटला.

"बसा ना काका," साखर म्हणाली आणि आपल्या बाजूची लाकडी खुर्ची पुढे केली.

"बसतो बाई. फार चालवलं या लोकांनी. हे जिने, ते जिने." बसता बसता त्यांनी माझ्या दप्तराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाळेत आहेस का गं, बाळा?"

मी बोटाने नाकाचा शेंडा वर ढकलला. चष्मा नसतो तिथे, पण सवय जात नाही. "दप्तर बघून कळत नाही का?"

साखर कशीबशी हसली. काकाही हसले. "कळतं, कळतं. नाव काय?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

मग ते साखरेशीच बोलायला लागले. साखर काम चोख करते, मान हलवून ऐकते, आणि माणसं तिला सगळं सांगून टाकतात. काकांनी सांगितलं की बायकोला चार वर्षांपासून ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही, कानाशी जाऊन ओरडलं की येतं. कानातलं यंत्र फार महाग. पण एका दुकानात कोणीतरी परत केलेलं, जवळजवळ नवं यंत्र निम्म्या किमतीत मिळतंय. दुकानदाराने आज संध्याकाळी सहापर्यंत ठेवलंय, नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार. बरेचसे जमलेत. किती कमी पडतात तो आकडाही त्यांनी सांगितला; आजच्या खेळाचे मिळाले की झालेच.

"ती पाचला इथेच येणार आहे," काका म्हणाले. "मग तसेच दोघं दुकानात. सकाळपासून चौथ्यांदा केस विंचरलेत तिने. मी म्हटलं, अगं, कानात घालायचंय, डोक्यावर नाही!"

"किती छान," साखर म्हणाली. "पहिलं काय बोलणार मग त्यांच्याशी?"

"हळू बोलणार." ते खरंच हळू म्हणाले. "चार वर्षं झाली, बायकोशी हळू बोललोच नाही. ओरडून माणूस काय बोलतो? गॅस बंद कर. कोण आलंय बघ. बाकीचं काही ओरडून बोलताच येत नाही. एकदा तिला म्हणायला गेलो, आज बरी दिसतेस, तर खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं."

साखर मनापासून हसली. नियमाप्रमाणे मला एकदा हसायचं होतंच. पण नुसतं हसून आठ होतात. दहा होत नाहीत.

"त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"काय गं?"

"यंत्र हवंय का ते. नाही, चार वर्षं आराम मिळालाय ना त्यांना. तुम्ही दहा मिनिटांत आमचं डोकं पिकवलंत. त्या बिचाऱ्या आता सगळं ऐकणार."

साखर माझ्याकडे बघतच राहिली. हे कागदावर नव्हतं. काका माझ्याकडे बराच वेळ बघत होते, कपाळाला आठी नाही, काही नाही, जसं एखादी वस्तू उजेडात धरून तिची चीर शोधतात तसं. मी पुन्हा बोट नाकावर नेलं आणि जांभई दिली.

चुंबक त्यांना न्यायला आला. धातूची तपासणी केली तर शर्टाच्या खिशातून एवढासा स्क्रूड्रायव्हर निघाला. "हा कशाला काका?"

"असतो," काका म्हणाले. "सवय आहे."

बाहेर येताच साखरेने माझा दंड धरला. "वेडी आहेस का तू? बायकोवरून?"

"आकडे बघ नंतर."

"तुला काही वाटत नाही?"

"तुला गोड बोलायचे मिळतात ना तेवढेच मलाही मिळतात," मी म्हटलं. "मी तर जास्त मेहनत करते." ती कँटीनला निघून गेली. मी यंत्राच्या खोलीत, काचेच्या अलीकडे, चुंबकाच्या शेजारी जाऊन बसले.

मेंदूचं चित्र लगेच दिसत नाही, नंतर तयार होतं. खेळ चालू असताना फक्त ओळी दिसतात: फेरी, फोटो, वाटणी, घेतलं की सोडलं. साखरेची पहिली पाच-पाच, घेतली. यंत्राची आठ-दोन, घेतली. माझी आठ-दोन. सोडली. यंत्राची नऊ-एक, घेतली. माझी नऊ-एक. सोडली. सहा झाल्या, सात झाल्या. मी खुर्चीत गुडघ्यांवर बसले. आठव्याला चुंबकाने चहाचा कप खाली ठेवला. नवव्याला मामी येऊन मागे उभी राहिली. दहावी फेरी मुद्दाम जराशी बरी असते, सात-तीन, माणूस विरघळतो का बघायला. पडद्यावर माझा फोटो, खाली तीन नाणी. सहा सेकंदांची मुदत असते. एक गेलं, दोन गेली, तीन.

सोडली.

"मिरचे!" चुंबक ओरडला आणि आम्ही टाळी दिली. मामीने माझ्या डोक्यावर हात ठेवून केस विस्कटले. ती असं कधीच करत नाही. पाऊण तासाने कच्चं चित्र आलं तेव्हा तिघांनीही आ केला. दोन्ही बाजूंना, कानांच्या आत खोल, इन्शुला असा पेटला होता जणू कोणी दोन खिडक्यांत दिवे लावून ठेवलेत. "हेच," मामी म्हणाली. "पोस्टरच्या मधोमध."

मी मनात छापील नाव वाचत होते. मनात एक वजाबाकीही करून झाली होती, कारण ती समोरच होती. माझ्या दहा फेऱ्यांत त्यांना सतरा नाणी मिळाली असती. कानातल्या यंत्रासाठी जेवढे हवे होते त्यात कमी पडली अकरा.

खेळ झाल्यावर माणसाला खरं सांगावं लागतं, हाही नियम. मामी, काका आणि मी, छोट्या खोलीत गोल टेबलाशी. काका बूट घालून आले. त्यांना वाटलं मला त्यांच्यासमोर ओरडा बसणार आहे. ते चक्क खुशीत होते.

"मॅडम, हिला आज काही मिळू दिलं नाही मी," ते म्हणाले. "एक नाणं नाही. माझं थोडं कमी भरलं, ठीक आहे. काढू मार्ग. पण हिच्या घरचे सांगत नसतील तर कोणीतरी हिला सांगायला हवं होतं, की असं चालत नाही."

"काका, तेच बोलायचंय," मामी म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा होतो. "ही आमच्याकडे काम करते. तिला तसं वागायला आम्हीच सांगितलेलं असतं. वाटण्याही तिने पाठवल्या नाहीत. त्या संगणकाच्या होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग मी सोडलं तेव्हा हिचं गेलं किती?"

"काही नाही. तिला ठरलेला पगार आहे."

"आणि माझं?"

"तुमचे निर्णय खरे धरावे लागतात, काका. नाहीतर प्रयोगाला अर्थ राहत नाही. म्हणून पैसेही तसेच."

त्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा, गिऱ्हाइकाने दुरुस्तीचा भाव सांगावा आणि आपल्याला तो परवडू नये तशी. खुशी कुठे गेली ते मी बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावरून एवढ्या हळू काही उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नजर हटली नाही माझी.

मामीने तीन प्रश्नांचा कागद पुढे ठेवला, पेन्सिल ठेवली, आणि पैशांची पावती आणायला गेली. दुसरा प्रश्न मला पाठ होता. 'दोन खेळाडूंपैकी कोणाला आपण पूर्वी ओळखत होता का?'

आणि मला सुचलं! इतकं झकास सुचलं की मी टेबलावर पुढे वाकले. "काका," मी हळूच म्हटलं, "मी तुमच्या टपरीवर यायचे. शाळेतली. चष्मा मोडायचे सारखी. आठवतंय? इथे 'हो' लिहा. हो लिहिलंत की सत्र रद्द होतं आणि तुम्हाला पूर्ण पैसे मिळतात. सगळे. सहाच्या आत."

"आणि तुला?"

"मला काही नाही होणार. मी सांगेन की मला आठवलं नाही, मी लहान होते. चित्र तेवढं जाईल, पण दुसरं मिळेल."

"म्हणजे मी सांगायचं मी तुला ओळखतो, आणि तू सांगणार तू मला ओळखत नाहीस."

"हो! कुणाचंच नुकसान नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली, टोक बघितलं. "मी तुला केव्हाच ओळखलं," ते म्हणाले. "तू ते बोट नाकावर नेलंस ना, तेव्हा. पहिल्यांदा वाटलं, असेल दुसरी कोणी. दुसऱ्यांदा नेलंस तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? म्हटलं, दोन नाणी देतेय. परकी पोरगी असती तर घेतली असती गं मी. आनंदाने घेतली असती. त्या यंत्राची नाही का घेतली? एक दिलं तरी घेतलं." ते हळू बोलत होते, साखरेला सांगितलं होतं तसं, अगदी हळू. "तू होतीस म्हणून नाही घेतलं."

"म्हणूनच तर सांगतेय, लिहा ना हो! काका, प्लीज. काय फरक पडतो?"

"तू लिही."

"मला नाही लिहिता येत, तो तुमचा कागद आहे. मी बोलले तर मला काढून टाकतील."

"मग तुझं काहीतरी जाईल."

ते वाट बघत होते. मला आत्ताही नक्की माहीत आहे की ते वाट बघत होते, कारण पेन्सिल कागदापासून बोटभर वर होती आणि हलत नव्हती. सहा सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त. मी पोस्टरचा विचार करत होते, असंही नाही. मी कसलाच विचार करत नव्हते. मी फक्त बाहेर मामीची पावलं वाजतात का ते ऐकत होते, आणि ती वाजली.

त्यांनी दुसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ठसठशीत, गोल अक्षरात.

मामीने पावती दिली, पाकीट दिलं. कागद वाचला. मग माझ्याकडे पाहून, सवयीने, विचारायचं म्हणून विचारलं, "तुझ्याकडून काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

काकांनी पाकीट न मोजता खिशात घातलं, खुर्ची आत सरकवली आणि गेले. मामीने त्यांचा कागद फाइलला लावला आणि पडद्यावर ते चित्र पुन्हा उघडलं. "रंग जरा कमी करूया का गं? लोकांना खोटं वाटेल."

तेवढ्यात बोळातून आवाज आला. बाईंचा. ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा, उगाच चढा. "झालं का? पाच वाजून गेलेत! चला, दुकान बंद होईल!"

"नाही जायचं!" काका ओरडले.

"काय?"

"दुकानात नाही जायचं! कमी पडले!"

"कमी दिले का त्यांनी? फसवलं का?"

"नाही!" ते आणखी जोरात ओरडले. सबंध तळमजला ऐकत असणार. "त्यांनी दिले होते! मीच नाही म्हटलं!"

"तुम्ही नाही म्हटलं? का?"

मग काहीच नाही. मी कान देऊन ऐकत होते. बाई पुन्हा ओरडल्या, "का हो?" आणि पुन्हा काहीच नाही.

"दार लाव गं," मामी पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली. "किती आवाज करतात."

मी उठले आणि दार लावलं.